उष्ट्याचं वजन

शरीरक्रियाशास्त्राच्या प्रयोगशाळेतल्या काट्यावरून तन्मयी खरात उतरली आणि पुन्हा चढली. आकडा बदलला नाही. एकसष्ट. राज्य कुस्ती स्पर्धेत तिला त्रेपन्न किलोच्या गटात उतरायचं होतं, आणि स्पर्धा दीड महिन्यावर आली होती.

वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहात वेळेवर झोपणारी आणि रोज मैदानावर धावणारी ती एकटीच. बाकीच्या नाश्ता बुडवत, दिवसभर पुस्तकासमोर बसत आणि भूक, कंटाळा, परीक्षा या तिन्हींवर समोसा हे एकच औषध घेत. त्यांच्यासाठीच डॉ. विभा टिळेकरांनी ‘स्मृतिजंतू’ घडवले होते. हे जंतू आतड्यात राहून, ज्या शरीरात वाढले त्याचं वजन लक्षात ठेवत आणि भूक कमीजास्त करून शरीराला त्या वजनाकडे नेत. तन्मयीच्या पोटात वाढवलेले जंतू तिच्या तीन खोलीमैत्रिणींना दिले गेले. तिघी उतरू लागल्या. तन्मयी मात्र चढू लागली.

टिळेकरांना हे पटेना. “जंतू तुझ्याकडून त्यांच्याकडे गेले. परत आले कसे? ते फक्त उष्ट्यातून पसरतात, आणि उष्टं कोण खातं?”

तन्मयीने त्यांच्याकडे दयेने पाहिलं. “मॅडम, तुम्ही वसतिगृहात कधी राहिलाच नाहीत का?”

मग तिने एक मिसळ आणि चार चमचे ही व्यवस्था समजावून सांगितली.

टिळेकरांचे सहकारी डॉ. म्हापसेकर हसू दाबत म्हणाले, की मग सरळ आहे. जंतू नव्या शरीरात शिरले की तिथलं वजन जुन्या आठवणीत मिसळून सरासरी काढतात, आणि तीच सरासरी पुढच्या घासाबरोबर परत येते.

“म्हणजे आता उष्टं बंद केलं की झालं?”

“बंद केलंस तर एकसष्टवर थांबशील. जंतूंना आता तेच तुझं वजन वाटतंय. उतरायचं तर हलक्या मुलींबरोबर एका ताटात जेवावं लागेल.”

हे केवळ तत्त्वतः आहे, नीतिसमितीची परवानगी लागेल, असं टिळेकर सांगू लागल्या तेव्हा तन्मयी जिन्यात पोहोचली होती.

स्पर्धेआधीच्या सराव शिबिरात राज्यभरातल्या मुली आल्या होत्या. तन्मयीने पन्नास किलोच्या गटातल्या मुली शोधून काढल्या आणि त्यांच्यावर इतकी माया केली, की त्या तिच्याशिवाय जेवेनात. तिचं वजन अठ्ठावन्नवर आलं, मग पंचावन्नवर. ती रोज फोन करून म्हापसेकरांना आकडा कळवी.

पण जंतूंनी त्या हलक्या मुलींना भूक लावली होती. स्वतःचं ताट पुरेना, तेव्हा त्या शेजारच्या टेबलावर वळल्या. तिथे वरच्या गटातल्या दणकट पैलवान मुली बसत. ताटं एक झाली. मग दणकट मुलींची भूक मेली. त्या अर्धी ताटं पुढे सरकवू लागल्या आणि हलक्या मुली ती पुसून खाऊ लागल्या. तन्मयीचा आकडा पुन्हा वर निघाला. म्हापसेकरांना फोन जाणं बंद झालं.

वजनाच्या दिवशी पहिली मुलगी काट्यावर चढली. बासष्ट. दुसरी, बासष्ट. पंचांनी काटा बदलला. तन्मयीही बासष्ट. दुपारपर्यंत शिबिरातल्या सगळ्या मुली एकाच गटात बसल्या होत्या आणि नियमात त्याविरुद्ध काहीच नव्हतं.

तन्मयीने म्हापसेकरांना फोन लावला आणि जंतू ताकदीचीही सरासरी काढतात का, एवढंच विचारलं.

“छे. ते फक्त वजन बघतात.”

चिठ्ठ्या टाकून जोड्या लागल्या. तन्मयीसमोर मॅटवर शहात्तर किलो गटाची गेल्या वर्षीची विजेती, मंजुळा सरगर, आली. चरबी झडून तिच्या दंडांवर नुसते स्नायू उरले होते. हात मिळवताना ती प्रेमाने म्हणाली, “घाबरू नकोस गं. मी आता पुष्कळ हलकी झालेय.”