दोन बोटं पाणी

माझी सगळी नोकरी पाण्याची पातळी मोजण्यात गेली. ओजिया गावच्या पाणीपुरवठ्यात चौतीस वर्षं. टाकी कुठे गळतेय हे मी भिंतीला हात लावून सांगायचो, आणि ते बरोबरही निघायचं. म्हणूनच परसात माशांसाठी एक साधं तळं बांधायला मला तीन महिने लागले, आणि तरी ते धड झालं नाही, हे सांगताना अजून शरम वाटते.

तळं हवं होतं माझ्या बायकोला, फुमिएला. तिच्या माहेरी, यामाकोशीच्या डोंगरात, तीन पिढ्यांपासून रंगीत कोई मासे पाळतात. दर उन्हाळ्यात हजारो पिल्लांतून थोडी निवडायची आणि बाकीची टाकून द्यायची, हे काम घरातल्या बायकांचं. लग्नाच्या आदल्या उन्हाळ्यात फुमिएनं एक पाठीत किंचित वाकडं पिल्लू मुठीत लपवून मागच्या डेऱ्यात सोडलं होतं. ते एक्केचाळीस वर्षं जगलं. पांढऱ्या अंगावर एकच तांबडा डाग, हाताएवढी लांब मादी. तिला सगळे थोरली म्हणायचे. गिऱ्हाइकाला दाखवण्यासारखी ती कधीच नव्हती.

या वर्षी फुमिएच्या भावानं, तेत्सुरोनं, धंदा बंद करायचं ठरवलं. त्याचे गुडघे गेले होते. बर्फ पडायच्या आत डोंगरावरची तळी रिकामी करून मासे खाली आणावे लागतात. बाकीचे त्यानं विकले. थोरलीचं काय करायचं, असं त्यानं फोनवर विचारलं.

फुमिएची फुप्फुसं दोन वर्षांपासून कडक होत चालली होती. नाकात नळी, उशाशी ऑक्सिजनचं यंत्र. न्हाणीघरापर्यंत जाताना मध्ये एकदा बसावं लागायचं. डॉक्टर येत्या हिवाळ्याबद्दल बोलायचं टाळत होते. तिनं माझ्याकडे आयुष्यात फारसं काही मागितलं नव्हतं. अंथरुणावरून थोरली दिसली पाहिजे, एवढंच ती म्हणाली.

मी नकाशा काढला. तिच्या उशीवर डोकं ठेवून काचेच्या दारातून पाहिलं, तर परसाचा एकच कोपरा दिसत होता. नेमका तिथेच बांबू उभा होता.

आमच्याकडे विहीर बुजवताना तिच्यात एक पोकळ बांबू उभा करतात आणि त्याचं तोंड जमिनीवर उघडं ठेवतात. खालच्या पाण्याला श्वास घेता यावा म्हणून. त्या जागेवर कुणी काही बांधत नाही. आमची विहीर वडिलांनी घरात नळ आला त्या वर्षी बुजवली होती. नोकरीत मला असे बांबू पुष्कळ भेटले. दर वेळी मी पाइप वळसा घालून नेला. श्रद्धा म्हणून नव्हे, लोकांशी वाद घालत बसायला वेळ नव्हता म्हणून. पण हा माझा बांबू होता, माझ्या परसातला, आणि वळसा घालायला जागाच नव्हती.

मी करवत घेतली तेव्हा शेजारच्या इगाराशीबाई कुंपणाशी आल्या. नवऱ्यामागे एकट्या राहतात, त्यामुळे आमच्या परसात काय चाललंय हे त्यांना आमच्याआधी कळतं.

"होशिना-सान, पुजाऱ्याला बोलवायचं नसेल तर नका बोलवू," त्या म्हणाल्या. "पण आधी त्याला सांगा तरी."

"कुणाला सांगू?"

"ज्याच्या तोंडावर सिमेंट ओतताय, त्याला."

मी हसलो आणि बांबू जमिनीलगत कापला. कापलेल्या तोंडातून गार हवा मनगटावर आली. जुन्या खड्ड्यांत वायू साचतो, हे मला ठाऊक होतं. मग भोवती सव्वा मीटर खोदलं, उरलेला बांबू तळाशी कापून खडीनं बुजवला, जाळी टाकली आणि वर वीतभर काँक्रीट ओतलं.

नव्या सिमेंटचं पाणी माशांना भाजतं. त्यासाठी भाताचा पेंढा भिजत घालून तीन वेळा पाणी बदललं. चौथ्या भरणीला भिंतीवर खडूनं पातळीची खूण केली. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला पाणी खुणेच्या दोन बोटं खाली होतं.

गळती. मी स्वतःला शिव्या दिल्या, तळं उपसलं, कोपरे खरवडून पुन्हा गिलावा केला आणि आठवडाभर सुकू दिलं. पुन्हा भरलं. पुन्हा दोन बोटं खाली. मग शाईचे थेंब भिंतीलगत सोडले. गळती असेल तिकडे शाई ओढली जाते. थेंब जागच्या जागी तरंगत राहिले. बाहेरची माती खणून पाहिली, ती कोरडी होती.

हे सगळं होईपर्यंत दुपारचे तीन वाजले, आणि पाणी पुन्हा खुणेवर आलेलं होतं.

नळाला मी हात लावला नव्हता. पाऊस नव्हता. गळलेलं पाणी परत येत नाही, हे मला कुणी शिकवायला नको होतं. मी तिथेच थापी आपटली आणि तिचा दांडा मोडला.

मग वही घेऊन खुर्ची टाकून बसलो. चार तास पाणी उतरत होतं, चार तास चढत होतं. शेजारी पाण्यानं भरलेली बादली ठेवली होती, तिची पातळी केसभरही हलली नाही. पुढच्या आठवड्यात चाराचे दोन तास झाले, मग एक तास. नोव्हेंबरच्या मध्याला मी घड्याळ लावून पाहिलं, तेव्हा उतरायला दहा मिनिटं आणि चढायला दहा मिनिटं लागत होती. मी तळ तिसऱ्यांदा लिंपला. माझे हात सिमेंटनं फुटले होते, जेवताना काड्या धरवत नव्हत्या.

तेत्सुरो एक दिवसाआड फोन करायचा. डोंगरावर दहिवर पडायला लागलं होतं.

"दाजी, सगळ्या गावाचं पाणी सांभाळलंत," तो म्हणाला, "आणि तुमच्याच्यानं एक डबकं होईना?"

मी फोन ठेवून दिला. राग त्याच्यावर नव्हता. तो म्हणत होता ते खरं होतं, याचा होता.

त्या वैतागात एक चांगली गोष्ट माझ्या नीट लक्षातच आली नाही. फुमिए न थांबता न्हाणीघरापर्यंत जाऊ लागली होती. डॉक्टरांनी यंत्राचा आकडा कमी केला, पंधरा दिवसांनी आणखी कमी केला. आजाराचं काही सांगता येत नाही, असं ते म्हणाले. मला आनंद झाला आणि मी पुन्हा गिलावा बघायला गेलो. आता घाई नको, असं मी तिला त्या दिवशी सांगितलं. ती काचेतून तळ्याकडे बघत होती. तळं झालंय, आता थोरलीला आणा, एवढंच ती म्हणाली.

नोव्हेंबर संपता संपता तेत्सुरोनं थोरलीला आणलं, पाणी आणि ऑक्सिजन भरलेल्या मोठ्या पिशवीतून. पाण्यात सोडताच ती तळाशी गेली. फुमिए उठून बसली आणि रडली. इतक्या दिवसांची माझी चिडचिड त्या क्षणी निवली, हे कबूल करतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी थोरली वर आली. तोंड पाण्याबाहेर काढून हवा गिळत होती. एवढ्या थंडीत कोई तळाशी पडून असतात, वर येत नाहीत. मी पाणी तपासलं, त्यात ऑक्सिजन भरपूर होता. तरी पंप आणून बुडबुडे सोडले. ती गिळतच राहिली. पाणी आता वीसेक सेकंदांत उतरत होतं आणि तेवढ्याच वेळात चढत होतं, काठावर बारीक चुबकचुबक आवाज करत. पाणी उतरलं की ती वर यायची.

तेत्सुरो तिसऱ्या दिवशी आला तेव्हा तिचा तांबडा डाग फिकट गुलाबी झाला होता. तो काठावर बसला, दुखरे गुडघे धरून.

"ही मरतेय, दाजी," तो म्हणाला. "पाण्यात काही कमी नाही. कुणीतरी तिच्या वाटचं घेतंय."

इतकी वर्षं मी ज्या गोष्टीला वळसा घालत आलो, तिला सरळ सामोरं जायचं ठरवलं. तळ फोडायचा, बांबू मोकळा करायचा. तळं गेलं तर गेलं.

सकाळी आठला उठलो तर पहिलं बर्फ पडलेलं होतं, घोट्याइतकं. रात्री आमच्याकडेच राहिलेल्या तेत्सुरोनं थोरलीसाठी टप भरून ठेवला. मी पहार घेतली आणि गमबूट घालून पाण्यात उतरलो. पाणी बुटांत शिरलं. पहार उचलून मी बांबूच्या जागेवर धरली.

काचेचं दार सरकलं.

फुमिए पायऱ्या उतरून बर्फातून येत होती. अनवाणी. नाकात नळी नव्हती. आत यंत्राचा आवाजही नव्हता. ते कधी बंद केलं, मला माहीत नाही. दोन वर्षांत ती इतकं चालली नव्हती. तिच्या गालांवर रंग होता.

"आत जा," मी ओरडलो. माझ्या तोंडातून वाफेचा लोट निघाला.

"ताई, अगं पाय," तेत्सुरो म्हणाला. त्याच्याही तोंडातून वाफ निघाली.

ती काठापाशी येऊन उभी राहिली. मी तिच्या तोंडाकडे पाहत होतो. चालून आल्यामुळे ते जरासं उघडं होतं. त्याच्यासमोर हवा स्वच्छ होती.

"अहो," ती म्हणाली.

माझ्या कमरेपाशी, पाण्यावर, वाफेचा एक लहान पुंजका उठला.

"राहू द्या. मला बरं वाटतंय."

पुन्हा पुंजका. मग आणखी एक, जरा मोठा.

तेत्सुरोला ते दिसलं नाही. तो दुसऱ्या टोकाला वाकून थोरलीला दोन्ही हातांनी सरळ धरायचा प्रयत्न करत होता, आणि ती पुन्हा पुन्हा आडवी होत होती. लवकर करा, असं तो मला सांगत होता.

मी पहार काठावर ठेवली. फुमिए हसली, आवाज न करता, आणि माझ्याभोवतीचं सगळं पाणी वाफाळलं.