ठरता आकडा

शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजायला आले की म्हसवडात कुणाचं कशात लक्ष लागत नसे. चहावाला एकाच कपात दोनदा साखर टाकायचा. सलूनमधला वस्तरा अर्ध्या गालावर थांबायचा, आणि ज्याचा गाल, तोही तक्रार करत नसे, कारण त्याचेही डोळे फोनकडेच लागलेले. सहाला पुण्याच्या सरकारी अंदाज केंद्राचा अंदाज जाहीर व्हायचा. रविवारच्या कबड्डीत कोणता जिल्हा कोणत्या जिल्ह्याला हरवणार, त्याची टक्केवारी. आकडा आला की अर्धं गाव हळहळायचं आणि उरलेलं अर्धं म्हणायचं, "मग आता जाऊन तरी काय करायचं?" आणि खरोखरच कुणी जायचं नाही.

माणदेश हा नवा जिल्हा. सातारा, सांगली आणि सोलापूरचे कोरडे तालुके तोडून केलेला. नव्या जिल्ह्याकडे मिरवण्यासारखं फारसं काही नव्हतं. मैलोन्‌मैल सोलरची शेतं होती आणि पोरींची कबड्डी होती. जिल्ह्याच्या कबड्डीत मानधन नाही, खेळाडूंची खरेदी-विक्री नाही. ज्या जिल्ह्यात जन्म, त्याच जिल्ह्याकडून खेळायचं, आणि तेही तिशीपर्यंतच. त्यामुळे हरल्या की सात पोरी हरत नसत, अख्खा जिल्हा हरायचा. सोमवारी कोल्हापूरचे पाहुणे फोन करून मुद्दाम हवापाण्याची चौकशी करायचे. काय चीड यायची म्हणून सांगू!

सगळ्यांत जास्त चीड यायची ती कार्तिकी पुकळेला. ती संघाची कर्णधार, नव्या पोरी निवडणारीही तीच, आणि म्हसवडच्या शाळेत खेळाची बाई. पुढच्या महिन्यात तिला तीस वर्षं पूर्ण होणार होती. म्हणजे येत्या रविवारचा कोल्हापूरविरुद्धचा सामना हा तिचा शेवटचाच. माणदेशानं कोल्हापूरला एकदाही हरवलेलं नव्हतं. दरवर्षी शुक्रवारी आकडा यायचा, आठ टक्के, अकरा टक्के, सात टक्के. आणि रविवारी पोरी मैदानात उतरायच्या त्या तो आकडा पाठीवर घेऊनच.

यंदा मात्र तिनं ठरवलं, बस झालं. गुरुवारी शाळेत रजा टाकली आणि सकाळच्या गाडीनं तडक पुणं गाठलं.

अंदाज केंद्राच्या प्रमुख डॉ. मृणाल केळुसकर कुणाला सहसा भेटत नसत. पण दारातली ही बाई बसायलाही तयार नव्हती आणि जायलाही. शेवटी त्यांनीच तिला आत बोलावलं.

"माझं एकच म्हणणं हाय, मॅडम," कार्तिकी उभ्याउभ्याच म्हणाली. "यंदा आमचा आकडा सांगू नका. एवढा एकच शुक्रवार. काय बिघडतंय तुमचं?"

"बसा आधी. आकडा सांगितला नाही तर लोक स्वतःचा आकडा तयार करतात. अफवा उठते, सट्टा लागतो. दोन वर्षं आम्ही ते करून बघितलंय. म्हणून तर जाहीर करायचा कायदा झाला."

"आन् तुमचा आकडा खरा कशावरनं? मशीन काय कबड्डी खेळलंय व्हय?"

मृणालबाईंना हसू आलं. हा प्रश्न त्यांना मंत्र्यांनीही विचारला होता, पण इतक्या सरळ नाही.

"पूर्वी साधं होतं," त्या म्हणाल्या. "प्रत्येक जिल्ह्याला गुण. बलवान संघाला हरवलं तर जास्त गुण मिळायचे, दुबळ्याला हरवलं तर थोडे. गुणांवरून क्रमवारी लावायची, आणि क्रमवारीवरून पुढचा अंदाज. नंतर त्यात तुमचं शरीर आलं. चढाईला दम किती टिकतो, वळताना घोटा किती लचकतो, आदल्या रात्री झोप किती झाली, सगळं. तरी यंत्र चुकायचं. का, ते आम्हाला कळायला फार वेळ लागला."

"का?"

"कारण आम्ही बोलत होतो. समजा, यंत्रानं काढलं, तुमची शक्यता तीस टक्के. आम्ही तीस जाहीर केले. ते ऐकून तुमच्या गावचे टेंपो निघाले नाहीत. तुमच्या पोरींचे पाय जड झाले. कोल्हापूरच्या पोरी निवांत झोपल्या. आता खरी शक्यता किती उरली? बावीस. बरं, मग बावीस जाहीर करावेत? बावीस ऐकून ती सोळावर येते. चांगल्या माणसाला रोज कुणी ना कुणी 'आजारी दिसतोस' म्हणत राहिलं की तो खरंच अंथरूण धरतो ना, तसं. पण हे घसरणं कुठंतरी थांबतं. नऊ जाहीर केले, तर नऊच राहतात. जो आकडा सांगितल्यावरही बदलत नाही, तो आम्ही शोधतो. त्याला आम्ही ठरता आकडा म्हणतो. तो चुकत नाही."

कार्तिकी आता खुर्चीत बसली होती, पण टोकावर. एक पाय सारखा हलत होता.

"म्हंजे तुमी आमाला पाडता, आन् वर म्हणता, बघा, पडणारच हुत्या."

"आम्ही पाडत नाही. जे होणार ते सांगतो."

"सांगायला मशीन कशाला लागतंय? मी पोरगी नुसती चालताना बघितली तरी सांगते, ही खेळणार का न्हाय. आजवर एकदा चुकले न्हाय."

"एकदाही नाही? पडताळून कसं बघता?"

"त्यात काय बघायचंय? जिला मी घेतली, ती खेळली. जिला 'तुझ्याच्यानं न्हाय व्हायचं' म्हणून घरी लावली, ती कुठं खेळाडू झाली? एक तरी दाखवा!"

मृणालबाई तिच्याकडे बघतच राहिल्या. मग त्यांनी टेबलावरच्या संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला.

कधीकधी माणसाला एखादी गोष्ट इतकी वर्षं एकट्यानं माहीत असते की ती सांगून टाकल्याशिवाय राहवत नाही. मृणालबाईंचं तसंच झालं असावं. नाहीतर सरकारी केंद्राच्या प्रमुखानं एका कर्णधाराला हे दाखवायचं काही कारण नव्हतं.

पडद्यावर रविवारच्या सामन्यापुढे दोन आकडे होते. नऊ आणि अठ्ठावन्न.

"काही सामन्यांत ठरते आकडे दोन सापडतात," त्या हळूच म्हणाल्या. "तीस सांगितले तर घसरत घसरत नऊवर येतात. पण पंचेचाळीस सांगितले, तर लोक म्हणतात, अरे, जमतंय की यंदा! टेंपो भरतात. पोरी छाती काढून उतरतात. शक्यता एक्कावन्न होते, मग पंचावन्न, आणि अठ्ठावन्नवर थांबते. नऊ सांगितले तर नऊ खरे. अठ्ठावन्न सांगितले तर अठ्ठावन्न खरे. दोन्ही सारखेच खरे."

"मग तुमी कुठला सांगता?"

"गेल्या वर्षीच्या आकड्याच्या जवळचा. तसा नियम आहे. समितीनं केला. कुणाच्या मनात काही वाईट नव्हतं. दोनातला एक घ्यायला हवा होता, एवढंच."

कार्तिकीचा हलणारा पाय थांबला.

"आमच्या बाबतीत असं किती वेळा झालं?"

"चार वर्षं दोन आकडे होते. बाकीच्या वर्षी एकच होता, खालचा."

"चार वर्षं!" कार्तिकी ताडकन उठली. "अगं बाई, चार वर्षं आमी मार खाल्ला, पोरी रडल्या, लोकांनी तोंडात शेण घातलं; आन् आमचं जिंकणं इथं तुमच्यापाशी पडून हुतं? उद्या अठ्ठावन्न सांगा."

"ते मला जमणार नाही. मी मनानं आकडा निवडला, तर मी निकाल ठरवला असं होईल. कोल्हापूरच्या पोरींनी माझं काय घोडं मारलंय?"

"आन् नऊ म्हणता तवा ठरवत न्हाय व्हय? नऊ म्हणताना तुमाला कधी काय वाटलं न्हाय, मॅडम. अठ्ठावन्न म्हणायच्या वक्ताला बरा धर्म आठवला!"

दार आपटून ती गेली. मृणालबाईंना राग आला. पण तो त्या बाईवर नव्हता. तिचं म्हणणं खोडून काढायला त्यांच्याकडे काही नव्हतं, याचा राग होता.

शुक्रवारी सहाला आकडा आला. माणदेश, छप्पन्न टक्के.

चहावाल्यानं साखरेचा डबाच खाली ठेवला. आधी कुणाला विश्वास बसेना. मग जो काही आरडाओरडा झाला! फटाके कुठून आले देव जाणे. त्या गोंधळातच कार्तिकीचा फोन वाजला.

"नियम मोडून वरचा आकडा दिला, पण अठ्ठावन्न नाही राहिले," मृणालबाईंचा आवाज थकलेला होता. "तुम्हाला दोन्ही आकडे माहीत झाले, त्याचं गणित पुन्हा मांडावं लागलं. तुम्ही एकट्या या आकड्यावर विश्वास ठेवून खेळणार नाही. त्याचे दोन कमी झाले. आता कृपा करा, संघात कुणाला सांगू नका. सगळ्यांना कळलं तर वरचा आकडा उरणारच नाही."

रविवारी म्हसवड, आटपाडी, दहिवडी सगळी ओस पडली. टेंपोंच्या रांगा लागल्या. मैदानावर ढोल घुमत होते, आणि ज्या पोरी एरवी मध्यरेषेपाशी जाताना पायाकडे बघायच्या, त्या आज समोरच्यांच्या डोळ्यांत बघत होत्या. कार्तिकीनं त्यांना असं कधीच बघितलं नव्हतं. आनंदानं तिचा ऊर भरून आला, आणि लगेच प्रश्न पडला. ही ताकद आजची का? की कायमच यांच्यात होती? प्रत्येक चढाईला कबड्डी कबड्डी म्हणताना तिच्या डोक्यात दुसरंच काही घुमत होतं.

शेवटच्या मिनिटात बरोबरी होती. कार्तिकीची चढाई. कोल्हापूरच्या कोपरारक्षक पोरीनं तिचा घोटा धरला, घट्ट धरला, आणि तिनं तशीच फरफटत बोटं मध्यरेषेला लावली. माणदेश एका गुणानं जिंकला.

तिला खांद्यावर घेतलं. गुलालानं डोळे चुरचुरत होते. शेजारी कोल्हापूरची ती कोपरारक्षक जमिनीवर बसून हमसून हमसून रडत होती, आणि कार्तिकीला वरून फक्त तीच दिसत होती. एवढी वर्षं ज्या दिवसाची वाट बघितली, तो आला होता. आणि तिला तिथं थांबवेना.

मिरवणुका संपल्या, सत्कार झाले, तिशीही झाली. तरी तिला चैन पडेना. रोज सकाळी मैदानावर नव्या पोरी यायच्या, तिच्यापुढं चालून दाखवायच्या, आणि ती नुसती बघत राहायची. घेते म्हणत नव्हती, जा म्हणत नव्हती. मृणालबाईंचा एकच प्रश्न कानात बसला होता. पडताळून कसं बघता?

एक दिवस शाळा सुटल्यावर ती गावाबाहेरच्या सोलरच्या शेतावर गेली. तिथं दुर्वा झिमल काचेच्या पाट्या पुसायच्या कामाला होती. तीन वर्षांपूर्वी हीच दुर्वा निवडीला आली होती. काटकुळी, घाबरलेली. कार्तिकीनं चार पावलं बघितली होती आणि सगळ्यांसमोर निकाल दिला होता. पोरगी मान खाली घालून निघून गेली होती आणि पुन्हा मैदानावर दिसली नव्हती.

"आवो बाई, तुमी इकडं कुठं?" दुर्वा लांबूनच ओरडली. हातात पाण्याची बादली. दोन रांगांमधल्या तारेखालून ती वाकून अशी सर्रकन निघाली की बादलीतलं पाणी हललं नाही. "आमी टेंपोतनं आलतो तुमचा सामना बघाय! काय घोटा सोडवलासा वो तुमी! घसा बसला माझा."

सवयीनं कार्तिकीची नजर तिच्या पायांकडे गेली. पायांना चिखल, टाचांना भेगा. तिनं डोळे बारीक करून बघितलं. आजवर या नजरेला लगेच कळायचं. आज काहीच कळेना.

"दुर्वा, उद्या सकाळी मैदानावर येशील?"

"मी?" दुर्वा खळखळून हसली. मग बाईंचा चेहरा बघून हसायची थांबली. "कशाला वो?"

"खेळायला. एकोणिसाचीच हायस न्हवं? अजून लई वर्षं हायेत. मी... मी तवा नीट बघितलं नव्हतं गं तुला. चुकलं माझं."

"छे वो, तुमी कशाला चुकताय!" दुर्वा घाईघाईनं म्हणाली. बाईंनाच धीर द्यावा तसं. "मी घरी जाऊन करून बघितलं हुतं की. अंगणात रेघ मारून. दम टिकायचाच न्हाय. म्हटलं, बाईंनी बरोबर वळखलं."

"न्हाय गं. माझं ऐक. तुला जमंल."

कार्तिकीनं ते छातीठोकपणे म्हणायचा प्रयत्न केला. पण आवाज कापला, आणि तो कापलेला दुर्वालाही कळला. बाई आपलं मन राखायला बोलतायत, असं तिला वाटलं असावं.

तिनं बादली उचलली. पदराला ओला हात पुसून कार्तिकीच्या दंडाला हलकेच लावला.

"नगं बाई," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, रुसवा नव्हता. आपलं नाव-गाव सांगावं इतक्या सहज म्हणाली, "माझ्याच्यानं न्हाय व्हायचं."

आणि पुढच्या रांगेकडे वळून ती पाटी पुसायला लागली.