चंद्रपूरचं ऊन कुठं गेलं?

मे महिन्याच्या भर दुपारी चंद्रपूरची माणसं अंगणात बसून गरम चहा पिऊ लागली, त्याला आता तीन वर्षं झाली होती. जिथं पारा सत्तेचाळीसवर ठाण मांडून बसायचा, तिथं तो सत्ताविसाच्या पुढे सरकायला तयार नव्हता. ही करामत पाण्यावर चालणाऱ्या पाणगाड्यांची. गावाबाहेरच्या तळावर हजारो ट्रक आणि घरोघरी दारात मोटारी, पाणी पिऊन नुसत्या उभ्या असत आणि उभ्या उभ्या गावाला गारवा देत.

शेवंताबाई उरकुडे या गाड्यांना हात जोडायच्या तेवढ्या बाकी होत्या. चार वर्षांपूर्वी त्यांच्या यजमानांना, मारोतरावांना, उष्माघात झाला होता. पुन्हा असं ऊन लागलं तर वाचणार नाहीत, असं डॉक्टरांनी स्पष्ट बजावलं होतं. आता तेच मारोतराव पोर्चमध्ये गाडीला खेटून खाट टाकत आणि जेवण झालं की खुशाल घोरत. बाईंना त्या घोरण्याइतकं गोड काही वाटत नसे.

एकच गोष्ट बिनसली होती. कुरडया वाळेनात! गच्चीवर ऊन होतं, पण चांदण्यासारखं. डोळ्यांना दिसायचं, हाताला लागायचं नाही. पहिल्या वर्षी बाईंनी गव्हाला बोल लावला, दुसऱ्या वर्षी सुनेला. यंदा मात्र गहू त्यांनी स्वतः भिजवला, चीक स्वतः घोटला, सोऱ्याही स्वतः फिरवला. चौथ्या दिवशी कुरडयांवर गुलाबी बुरशी हजर.

त्याच दिवशी त्यांची पुतणी मृणाल भेटायला आली. पाणगाड्यांच्या प्रयोगशाळेत ती मोठी शास्त्रज्ञ होती, पण बाईंच्या लेखी गुन्हेगार आयताच हाती लागला होता.

"काऊन व मृणाल, तुमच्या गाड्या पाणी जाळतात ना? मंग माह्या कुरोड्यांचं ऊन काऊन खातात?"

मृणाल हसली. "मोठी आई, पाणी जळत नाही. पाणी म्हणजे जळून उरलेली राखच समज. हायड्रोजन जळला की पाणी होतं. त्या राखेचं परत लाकूड करायचं, तर जळताना निघाली तेवढी उष्णता परत घालावी लागते."

ती उष्णता आणायची कुठून, यावर शंभर वर्षं घोडं अडलं होतं. मृणालच्या गटानं 'उष्माजाळी' बनवली आणि ते पुढे सरकलं. उष्माजाळी म्हणजे केसाहून बारीक छिद्रांचा धातूचा पडदा. तो भोवतालच्या हवेतली उष्णता शोषून घेतो आणि तिच्या जोरावर पाणी फोडतो. सुटलेला हायड्रोजन टाकीत साठतो आणि गाडी धावताना जळतो. उभी गाडी गार का, याचं उत्तर एवढंच.

"म्हणजे माहं ऊन टाकीत कोंडलं म्हण ना!"

"अगदी बरोबर."

"आन् सोडता कुठी?"

मृणालनं चहाचा कप खाली ठेवला. "गाडी धावते तिथं. उष्णता नाहीशी होत नाही. इंजिनातून, चाकांतून सगळी बाहेर पडते. भरलेले ट्रक चढ चढतात तिथं सगळ्यात जास्त. पण वाऱ्यानं पांगून जाते... असं आमच्या अहवालात आहे."

चढ म्हणताच बाईंना उमरझरी आठवली. तळावरचे ट्रक ज्या महामार्गानं जात, त्याच्या लांबलचक चढावर, अगदी रस्त्याला लागून, त्यांच्या धाकट्या बहिणीचं, सुभद्राचं घर होतं. तिथं ऊन असणार! बाईंचा जीव भांड्यात पडला. दुसऱ्याच दिवशी चिकाचा डबा आणि सोऱ्या त्यांनी एसटीनं उमरझरीला रवाना केला.

दोन दिवसांनी डबा परत आला. पांढऱ्याशुभ्र, कडक कुरडया. बाईंनी एक तळून पाहिली, ती कढईभर फुलली. आनंदानं त्यांनी तेलाच्या हातानंच बहिणीला फोन लावला.

"सुभद्रे, किती दिस लागले व?"

"दिस कायचे, बाई? सकाळी घातल्या, नऊच्या आत वाळल्या."

"नवसाचं ऊन आहे व तुह्यं! आन् राखण कोणं केली? पाखरं लई चोची मारतात."

पलीकडून चढावरच्या ट्रकांची घरघर ऐकू येत होती. त्या घरघरीवर आवाज चढवत सुभद्रा म्हणाली, "राखण नाही लागत, बाई. पाखरं राहिलीच नाहीत. आमी बी नऊनंतर दार लावून घेतो. काल शेजारची म्हातारी पाण्याले गेली, थे परत नाही आली."

बाईंनी हातातली कुरडई ताटात टाकून दिली. "तू इकडं ये, पोरी. आजच्या आज ये."

"सारं गाव घेऊन येऊ काय?" सुभद्रा हसली, पण ते हसणं काही खरं नव्हतं. "जाऊ दे थे. आमचे भाऊजी कसे आहेत आता?"

बाईंनी पोर्चकडे पाहिलं. मारोतराव गाडीला पाठ लावून घोरत होते. आज पहिल्यांदाच बाईंना त्या आवाजाची लाज वाटली, आणि तो थांबू नये असंही तितकंच वाटलं.

"बरे आहेत," त्या म्हणाल्या.

झोपेतच मारोतरावांना थंडी वाजली असावी. त्यांनी पायाशी पडलेली चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली.