सात नंबरचा ताप

'दुसरं मत' या आमच्या मालिकेतलं हॉस्पिटल परळला आहे, म्हणजे एका बंद गिरणीच्या शेडमध्ये. खरी हॉस्पिटलं रस्त्यापलीकडे. कधी कधी पेशंटचे नातेवाईक डबा घेऊन चुकून आमच्याच गेटवर येतात आणि वॉचमन त्यांना पुढची वाट दाखवतो.

मी सूक्ष्मजीवशास्त्रात एमएस्सी आहे. लॅबमध्ये नोकरी मिळेपर्यंत म्हणून इथे कंटिन्युइटीचं काम धरलं, त्याला दोन वर्षं झाली. एका शॉटमध्ये नर्सचं पेन डाव्या खिशात असेल तर पुढच्यातही ते डाव्याच खिशात हवं, हे मी बघते. प्रत्येक शॉटनंतर फोटो काढते. दृश्य सुरू होण्याआधी त्याच्या कागदावर माझी सही लागते. सही नसेल तर कॅमेरामन कॅमेरा सुरू करत नाही. पहिल्या भागापासूनची रीत आहे.

मालिका अकरा वर्षं चालू आहे, पण कथेत जेमतेम चौदा महिने गेलेत. आमच्याकडे एक अपेंडिक्स तीन आठवडे चालतं. सिस्टर सुभद्राची भूमिका आतापर्यंत तिघींनी केली. सध्या मृणालिनीताई करतात. चेहरे बदलले, सुभद्रा बदलली नाही. औषध देण्याआधी ती बाटलीवरचं नाव तीनदा वाचते. खोटं बोलायची वेळ आली की गप्प बसते.

मे महिन्यात चॅनेलने तिच्या सवयींची यादी मागितली, म्हणून मी, माझ्या आधीच्यांनी काढलेल्यांसह, अकरा वर्षांचे फोटो उघडून बसले. तेव्हा सात नंबरची खाट लक्षात आली. ती वॉर्डात अगदी मागे आहे. तिच्यावर कोणी नट झोपत नाही. पांघरुणाखाली एक लोड असतो. सुभद्रा तिथून जाताना थांबते आणि पायथ्याच्या चार्टवर काहीतरी लिहिते. कॅमेऱ्यात ते अस्पष्टच दिसतं. फोटो मोठा केला तर आकडे स्पष्ट होते. ताप, नाडी, वजन.

"ताई, चार्टवर काय लिहिता तुम्ही?"

"काही नाही गं. पेन फिरवते नुसतं. चष्म्याशिवाय मला कागद तरी दिसतो का?"

मी आधीच्या दोघींच्या काळातले फोटो उघडले. अक्षर तेच होतं.

सगळे आकडे मी तक्त्यात भरले. शूटिंगच्या तारखांप्रमाणे लावले तर नुसता गोंधळ. ते साहजिक होतं, कारण आम्ही शेवटचं दृश्य आधी करतो आणि पहिलं नंतर. मग कथेतल्या दिवसांप्रमाणे लावले.

आलेख निघाला. रोज संध्याकाळी चढणारा ताप, मग हळूहळू उतरत जाणारी रेषा. वजन एक्केचाळीसवरून त्रेपन्न. क्षयाचा रुग्ण औषधाला दाद देऊ लागतो तेव्हा असंच दिसतं. तीनदा तपासलं. कुठलं दृश्य कथेतल्या कोणत्या दिवशी येणार, हे अनेकदा एडिटिंगला ठरतं. लिहिणाऱ्या हाताला ते माहीत असणं शक्य नव्हतं.

तापाची शेवटची नोंद नव्व्याण्णवची होती. माणूस जवळजवळ बरा झाला होता.

पुढच्या आठवड्यात जयवंत सरांनी नवं दृश्य हातात ठेवलं. मालिकेची कथा तेच ठरवतात, दिग्दर्शनही तेच करतात.

"सुभद्रा खून करणार," ते म्हणाले. "अकरा वर्षं देवी झाली, आता जरा वाढू दे तिला. सलाइनमध्ये पोटॅशियम. बरोबर आहे ना, एमएस्सी?"

"कोणाचा खून?"

"सात नंबर. तसंही तिथे कोणी नसतं."

"सर, माणूस वाढतो तेव्हा मागचं घेऊन वाढतो. हिने असं करावं असं एकही कारण अकरा वर्षांत नाही. मी सही करणार नाही."

"अगं लॅबवाले, लोडाचा जीव चाललाय काय?"

सगळे हसले. मी आलेख त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी तो उलटा धरून पाहिला.

"शेअर मार्केट दिसतंय," म्हणाले आणि माझ्या सहीच्या जागी स्वतःची ठोकली.

दुपारी तीनला दिवे लागले. शेडचे पत्रे तापले होते. मृणालिनीताई ट्रेमध्ये औषधाची बाटली आणि हातात सिरिंज घेऊन सात नंबरपाशी आल्या.

बाटली वर धरली. नाव वाचलं. पुन्हा वाचलं. पुन्हा.

मग सिरिंज ट्रेमध्ये ठेवली, पांघरुणाची कड उचलली आणि लोडाच्या बाजूला, मनगट असेल तिथे, तीन बोटं टेकवली. नजर घड्याळावर. पूर्ण एक मिनिट.

"कट! ताई, इंजेक्शन!" जयवंत सर ओरडले.

त्या चार्टवर लिहीत होत्या. लिहून झाल्यावरच वर पाहिलं. "मी नाही करणार, जयवंत. का ते विचारू नकोस."

"नका करू. हातच तर दिसणार आहे. दीपक, ग्लोव्ह्ज घाल."

सरांचा असिस्टंट दीपक ग्लोव्ह्ज चढवू लागला. मी चार्टपाशी गेले. शाई ओली होती. नाडी चौऱ्याऐंशी होती, आदल्या नोंदीपेक्षा दोनने कमी.

माझ्याकडे स्पष्टीकरण नव्हतं. आजही नाही. पण नोंदी होत्या, आणि त्या एका जिवंत माणसाच्या होत्या.

मी सिरिंज उचलली आणि फरशीवर रिकामी केली.

"ऋग्वेदा, बाजूला हो. नोकरी गेली समज."

"गेली."

"सिक्युरिटीला बोलावू?"

"बोलवा. चौघं लागतील."

दीपक जागीच थांबला. कॅमेरामनने कॅमेऱ्यावरचा हात काढला. कोणी हसलं नाही.

मी वळले आणि सरांकडे बघत सात नंबरच्या खाटेवर, अगदी कडेला, बसले.

मला नीट बसता यावं म्हणून, पाठीमागे कोणीतरी हळूच पलीकडे सरकलं.