सावरक रेषेपार

कोल्हापूरजवळच्या शर्यतमार्गावर यास्मिन शिकलगार चहा पीत उभी होती. शेजारी तिची मोटारसायकल स्टँडशिवायच उभी. वारा आला की जराशी कलायची, पुन्हा सरळ व्हायची. ही करामत सीटखालच्या 'सावरका'ची. नारळाएवढ्या डब्यात एक जड चाक गरगर फिरे आणि फिरता भोवरा पडत नाही, तशी गाडीही पडत नसे.

शर्यतीचा नियम साधा होता. प्रयोगासाठी घडवलेल्या गाडीवर कंपनीने हवा तो भाग बसवावा; मात्र जो भाग शर्यतीत अंतिम रेषा ओलांडेल, त्याचे आराखडे सर्वांना खुले. पुढे तोच भाग रोजच्या गाड्यांवर येई.

म्हणूनच यास्मिन जिच्यासाठी गाडी चालवे, त्या कंपनीचे सबनीस साहेब सकाळी बजावून गेले होते, की शेवटच्या फेरीत रेषेआधीच गाडी दुरुस्तीच्या तळात आत घ्यायची. सावरक त्यांना महागड्या गाड्यांपुरता ठेवायचा होता.

यास्मिनला मात्र घर आठवलं होतं. तिचा भाऊ गौस दूध घालायला जाताना, उसाच्या ट्रॉलीने सांडलेल्या चिखलावर घसरला होता. तेव्हापासून तो काठी टेकत चालतो. त्याची गाडी महागडी नव्हती.

शेवटच्या फेरीत ती आत वळलीच नाही. रेषा शंभर पावलांवर असताना इंजिन गप्प झालं. कंपनीने ते दुरूनच बंद केलं होतं. हेल्मेटमध्ये सबनीसांचा आवाज आला, "संपलं, बाई. उतरा आता."

"उतरतेच," ती म्हणाली आणि उतरून गाडी ढकलू लागली.

बाकीच्या गाड्या शेजारून सुसाट निघून गेल्या. पुढे चढ होता. अर्ध्यात यास्मिनचा पाय मुडपला, ती गुडघ्यावर आली. पण हँडल सुटलं नाही आणि गाडीही आडवी झाली नाही. सावरकाची बॅटरी वेगळी होती. गाडीच्याच आधाराने ती उठली.

ती सर्वांत शेवटी रेषेपार गेली. सबनीस धावत आले. बंद गाडीची कसली शर्यत, असं त्यांचं म्हणणं.

म्हातारे तपासनीस बोंगाळे मास्तर सावरकावर मोहोर लावत म्हणाले, "नियमात इंजिनाचं नावच नाही, साहेब. स्वाराने गाडी धरून रेषा ओलांडावी, एवढंच आहे. धरली होती की पोरीने."

"हिला यापुढे कोण गाडी देतं, बघतोच मी," सबनीस म्हणाले.

यास्मिनने हेल्मेट काढलं. गुडघ्यातून रक्त येत होतं. ती सबनीसांकडे बघून हसली, पण विचारलं मास्तरांना.

"मास्तर, आराखडे हातात पडल्यावर आपल्या शिरोलीच्या फाउंड्रीत सावरकाचं पहिलं चाक ओतायला किती दिवस लागतील हो?"