पेन्या ऑस्कुराची घंटा

न्यू मेक्सिकोच्या उत्तरेकडच्या डोंगरात, जिथे मोबाइलला रेंज नाही आणि दुधाच्या पिशवीसाठीसुद्धा तासभर ड्राइव्ह करावं लागतं, तिथे आईबाबांना हौसेने फिरायला नेणारी मुलगी प्रीताच. तिथल्या जुन्या मातीच्या चर्चचं लेझर स्कॅनिंग करायचं तिच्या युनिव्हर्सिटीचं काम होतं. सांगलीहून सहा महिन्यांसाठी आलेले आईबाबा अपार्टमेंटमध्ये बसून आंबले होते, म्हणून तिने त्यांनाही गाडीत घातलं.

गावाचं नाव पेन्या ऑस्कुरा. तिथल्या लोकांचे पूर्वज स्पेनमधल्या कुठल्याशा डोंगरी खेड्यातून पिढ्यांपूर्वी मेंढरं घेऊन निघाले, मेक्सिकोतून फिरत फिरत इथे येऊन टेकले. आता मेंढरं संपली, तरुण माणसं शहरात गेली, आणि उरली मोजकी म्हातारी डोकी. त्यांतल्याच एक लुसिंदाबाई. शाळेतल्या मास्तरीणबाई म्हणून निवृत्त झालेल्या, त्यामुळे इंग्रजी स्वच्छ. चर्चची किल्ली त्यांच्याकडे आणि प्रीताचा मुक्कामही त्यांच्याच घरी.

बाबा तिथे भलतेच खुलले. उभा जन्म पाटबंधारे खात्यात गेलेला माणूस; झऱ्याचं पाणी मातीच्या पाटाने शेतापर्यंत आणायचं आणि घराघराने पाळीपाळीने घ्यायचं, ही तिथली रीत बघून त्यांना माहेर सापडल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी जेवण झाल्याबरोबर ते उठले.

"पाट सुरू कुठून होतो ते बघून येतो. चहापर्यंत परत."

"स्वेटर घाला अहो," आई म्हणाली. त्यांनी प्रीताचं निळं विंडचीटर अडकवलं आणि गेले.

चहाची वेळ झाली तेव्हा डोंगर जागेवर नव्हता. ढग खाली उतरला होता. आधी वरची पाइनची झाडं गेली, मग पाट गेला, मग समोरच्या घराचं दार. बारीक हिमकण कपाळाला टोचायला लागले. बाबांची शुगरची गोळी टेबलावर तशीच होती. प्रीताने लुसिंदाबाईंच्या लँडलाइनवरून रेस्क्यूला फोन केला. माणसं निघतील, पण घाटात काही दिसत नाही, वेळ लागेल, असं उत्तर आलं. आईने पदराचं टोक मुठीत धरलं ते सोडलंच नाही.

लुसिंदाबाईंनी शाल घेतली. "चला. चर्चची घंटा वाजवायला हवी."

स्पेनमधल्या त्यांच्या मूळ गावात ही रीत होती. ढग उतरला आणि कुणी वर राहिलं, की घरच्या माणसाने घंटा वाजवायची. प्रत्येक टोल्याआधी हरवलेल्याचं नाव घेऊन हाक मारायची, मगच दोर ओढायचा. प्रीताला हे पटलं. आवाजाच्या रोखाने माणूस खाली येऊ शकतो, यात न पटण्यासारखं काय होतं?

तिने आईला सांगितलं. आई दोर हातात धरून तशीच उभी.

"अगं, मी यांचं नाव कसं घेऊ? लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच."

"आई, प्लीज! काहीही म्हण, फक्त जोरात म्हण. आवाज इम्पॉर्टंट आहे."

आईने डोळे मिटले. "अहो! अहो, या ना घरी!" आणि टोला दिला. मग प्रीताने दोर घेतला. "बाबाऽ!" पुन्हा टोला. दोघी आळीपाळीने ओरडत राहिल्या. हात सोलले, आईचा घसा बसला. प्रीताला लहान मुलीसारखं रडू येत होतं.

मग धुक्यातून निळं विंडचीटर दिसलं.

आई धावली. बाबाच होते. भिजलेले, गारठलेले, पण धड. प्रीताने त्यांना घट्ट मिठी मारली आणि घरी पोचल्यावर सगळ्यात आधी रेस्क्यूवाल्यांना फोन करून सगळं कॅन्सल केलं. "ही इज बॅक," असं सांगताना ती हसत होती, रडत होती.

बाबा बोलले नाहीत. दमले असतील. शेगडीजवळची कोपऱ्यातली खुर्ची त्यांनी न विचारता घेतली. बूट काढून भिंतीशी उलटे टेकवले. लुसिंदाबाईंनी पुढे ठेवलेलं मटणाचं सूप मुकाट्याने खायला लागले. जन्मात अंड्याला न शिवलेला माणूस. भूक लागली की चालतं, प्रीताने स्वतःला समजावलं.

लुसिंदाबाई तिच्याजवळ आल्या. "तुमच्या वडिलांना दोन नावं आहेत का? आई एक घेत होत्या, तुम्ही दुसरं."

प्रीताला हसू आलं. "त्यातलं एकही त्यांचं नाव नाही. 'बाबा' म्हणजे वडील. आणि 'अहो' म्हणून आमच्याकडे बायको नवऱ्याला बोलावते. कुठल्याही नवऱ्याला."

लुसिंदाबाईंच्या हातातला डाव तसाच राहिला.

"म्हणजे नाव घेतलंच नाही?"

"आवाज पोचला ना?"

"पोचला," त्या अगदी हळू म्हणाल्या. "पण वर राहिलेले पुष्कळ आहेत. आमचे. सगळेच कुणाचे तरी नवरे होते, कुणाचे तरी वडील."

प्रीताने खुर्चीकडे पाहिलं. जाड भिंगांचा चष्मा काढून टेबलावर ठेवलेला होता. त्या चष्म्याशिवाय बाबांना स्वतःचं ताट दिसत नसे. आता ते भिंतीवरच्या तसबिरीतले बारीक चेहरे एकेक करून न्याहाळत होते. ओळखीचे असावेत तसे.

"प्रीता," आई म्हणाली. तिचा आवाज शांत होता. "हे ते नाहीत गं."

"आई, काहीतरीच काय!"

आई उठली. तिने दार उघडलं. बाहेर नुसतं पांढरं.

लग्न झाल्यापासून जे नाव तिने कधी हाकेसाठी घेतलं नव्हतं, ते तिने छाती फुटेल इतक्या मोठ्याने घेतलं.

"राजाराम!"

खुर्चीतल्या माणसाने मानही वर केली नाही. तो पावाच्या तुकड्याने ताटली पुसत होता.



मग वरून, पाट सुरू होतो त्या बाजूने, क्षीण, थकलेला, सांगलीच्या घरात रोज ऐकलेला आवाज आला.

"ओ..."

खुर्ची सरकली. तो माणूस शांतपणे उठला आणि दार लावून घ्यायला निघाला.