जागल्या कोणाची वाट पाहतो

चंद्रपूरच्या गृहसुरक्षा प्रयोगशाळेत भिंतीवर शहराचा नकाशा होता. जोडलेल्या प्रत्येक घराचा त्यावर हिरवा ठिपका. दुपारी लाइट गेली आणि तासाभरात एक ठिपका विझला. तो मधुसूदन वैरागडेच्या स्वतःच्या घराचा होता.

"मधुभाऊ, जागल्या तुम्हीच बनवला, आणि तुमच्याच घरचा झोपतो," त्याची सहकारी रेवती धोटे म्हणाली.

जागल्या म्हणजे दाराशी बसवलेली धोकासूचक पेटी. चोर शिरला, आग लागली, कोणी पडलं, की ती नियंत्रण कक्षाला कळवायची. लाइट गेल्यावर ती छोट्या बॅटरीवर चालायची आणि फक्त दारं-खिडक्यांवर लक्ष ठेवायची. बाकी सगळं बंद. त्यामुळे ती दिवसभर जोडलेली राहायची. मधुसूदनच्या घरी मात्र तासभरच टिकत होती. त्याची बायको कुमुद फाल्गुनात वारली, आणि तेव्हापासून दुपारी घरात त्याच्या सासूबाई एकट्या असत.

रेवतीने त्याच्या पेटीचा वीजखर्च पडद्यावर आणला. "ही ऐकत बसली आहे," ती म्हणाली.

संदेश पाठवायला वीज क्षणभर लागते. ऐकायला सतत लागते, कारण आवाज कधी येईल ते माहीत नसतं. म्हणून लाइट नसताना जागल्या बहिरा होतो. अपवाद एकच: घरचं कोणी बाहेर गेलं असेल तर अंधारात परतलेल्या त्या माणसाला चोर समजू नये, म्हणून तो कान उघडे ठेवतो. या सोयीला त्यांनी प्रतीक्षा-श्रवण नाव दिलं होतं. त्याला मुदत नव्हती. परगावी गेलेला मुलगा वर्षाने आला तरी चोर ठरायला नको.

कोण बाहेर गेलं, हे पेटी दारात उच्चारलेल्या शब्दावरून आणि आवाजावरून ओळखायची. पहिल्या चाचणीत त्यांनी तिला 'जाते' शिकवलं होतं. एकाही घरात तो शब्द कोणी उच्चारला नाही. एका आजीबाईंनी रेवतीला झापलं होतं, जाते म्हणून कोणी घर सोडतं का गं? मग त्यांनी 'येते-येतो' शिकवलं, आणि ती नवी सोय आधी मधुसूदनच्याच घरी सुरू केली.

दवाखान्यात निघताना कुमुद दारात 'येते हं' म्हणाली होती.

"तो अजून वहिनींची वाट पाहतो आहे," रेवती म्हणाली. "घरच्या कोणीतरी त्याला सांगायला हवं."

"काय सांगायचं?"

"वाट पाहणं थांबवायचा शब्द आपणच ठरवला होता, भाऊ."

त्याने काही दिवस टाळलं. दुपारी ठिपका विझला की स्कूटर काढून घरी पळायचा. शेवटी एका सकाळी, सासूबाई पूजेला बसल्या असताना, तो पेटीसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "कुमुद गेली."

पेटी ऐकत असल्याचा निळा दिवा मालवला. मधुसूदन हल्लीच्या सवयीप्रमाणे काही न बोलता कामावर निघाला. दारात थांबून सांगावं असं कोणी उरलं नव्हतं.

त्या दुपारी लाइट गेली आणि ठिपका हिरवाच राहिला. रेवतीने चहा मागवला. कित्येक दिवसांनी मधुसूदन दुपारी घरी गेला नाही.

संध्याकाळी दार उघडलं तेव्हा लाइट अजून आली नव्हती आणि सासूबाई बाथरूमच्या उंबऱ्यात पडलेल्या होत्या. खुब्याचं हाड मोडलं होतं. ओठ सुकले होते. त्याने पाणी पाजलं.

"लई हाका मारल्या, जावईबापू," त्या म्हणाल्या. "दुपारी मी कुमूशी बोलायची ना, लाइट नसली तरी तो निळा दिवा लुकलुकायचा. आज ढिम्म."

जागल्या दिवसभर जोडलेला होता. कोणाचंच ऐकत नव्हता म्हणून.

शस्त्रक्रियेनंतर सासूबाई घरी आल्या, पण खाटेवरच पडून असत. मोठ्या बॅटऱ्या पावसाळ्यानंतर मिळणार होत्या. मधुसूदनने शेजारणीला मध्ये मध्ये डोकावायला सांगितलं, पण तिलाही तिचं घर होतं. कुमुदची प्रतीक्षा पुन्हा सुरू करता येत नव्हती. तो शब्द तिच्याच आवाजात लागायचा.

कामावर निघताना तो दारात थांबला. घसा खाकरून पेटीला म्हणाला, "येतो."

निळा दिवा लागला.

"या," आतून सासूबाई म्हणाल्या.

लाइट गेली की आता बॅटरी तासभरच पुरणार होती. तेवढ्यात त्याला यावं लागणार होतं.